शिष्यवृत्ती मंजूर झाली. पण घरातून किती जाणार?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या याद्या लागतात आणि आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. “आपल्याला फी माफ आहे,” एवढ्या एका वाक्यावर घर निर्धास्त होते. पुढे खानावळीचे पैसे थकतात, कॉलेजची नोटीस येते, आईची पोत सोनाराकडे जाते. कित्येकदा हुशार मुलगी पहिल्याच वर्षी घरी परतते. शिष्यवृत्ती नव्हती म्हणून नव्हे, तर ती कशाची होती आणि कशाची नव्हती हे घरात कुणी मांडून पाहिले नव्हते म्हणून.

परमपूज्य बाबासाहेबांच्या शिक्षणाचा हिशेब आठवावा. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेऊन. शिष्यवृत्ती, शिल्लक आणि कर्ज ही तिन्ही एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला आली. पण तिन्ही वेगळी आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सरकारपुढे मागणी ठेवली. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे. म्हणूनच तिचा कागद आपल्याला नीट वाचता आला पाहिजे.

आमचे सांगणे सोपे आहे. वहीचे एक पान घ्या आणि चार रकाने आखा.

पहिला रकाना : भरपाई होणारे शुल्क. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याचे सक्तीचे आणि परत न मिळणारे शुल्क या योजनेत येते. ‘परत न मिळणारे’ हे शब्द लक्षात ठेवा. अनामत रक्कम यात येत नाही. व्यवस्थापन कोट्यातली जागाही येत नाही. म्हणून “जागा कोणत्या कोट्यातली?” हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावा.

दुसरा रकाना : हातात येणारा भत्ता. २०२१ च्या नियमांनुसार इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्यास ७,००० रुपये. साध्या बी. ए., बी. कॉम.ला हेच आकडे ६,००० आणि ३,००० होतात. लक्षात घ्या, हा आकडा वर्षाचा आहे, महिन्याचा नव्हे.

तिसरा रकाना : परत करायचे पैसे. शैक्षणिक कर्ज ही मदत खरी, पण ती देणगी नव्हे. समजा पहिल्या वर्षी एक लाख उचलले आणि व्याज दहा टक्के आहे. शिक्षणाची चार वर्षे आणि सवलतीचे एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याजानेही पन्नास हजार चढलेले असतात. कर्जाचा आकडा ‘मदत’ म्हणून बेरजेत धरू नये.

चौथा रकाना : घरातून जाणारे. हाच खरा आकडा. एक उदाहरण मांडू. समजा इंजिनिअरिंगच्या मुलीचे शिक्षण व विकास शुल्क १,१५,०००, परीक्षा शुल्क ५,०००, अनामत ५,०००, कॉलेजचे वसतिगृह व खानावळ ७५,००० आहे. एकूण दोन लाख. शुल्कापोटी १,२०,००० आणि भत्ता १३,५०० मिळाला तरी ६६,५०० उरतात. दहा महिन्यांत वाटले तर महिना ६,६५०. अडीच लाख उत्पन्नाच्या घरात महिन्याला वीस-एकवीस हजार येतात. त्याचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. पुस्तके आणि एस. टी.चे भाडे अजून धरलेलेच नाही.

हा आकडा पाहून घाबरायचे नाही. तो प्रवेशाआधी कळला तर मार्ग असतात. समाजकल्याणच्या सरकारी वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे राहणे-जेवण मोफत आहे. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० पर्यंत मदत तिच्यात धरलेली आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले तर फ्रीशिप मिळते. तिच्यात शिक्षण व परीक्षा शुल्क येते, पण निर्वाह भत्ता येत नाही. म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यावरच्या एका आकड्याने १३,५०० जातात.

आणखी एक गोष्ट पालकांनी मनावर कोरून ठेवावी. केंद्राचा साठ टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्या रकमेत कॉलेजचे शुल्कही असते. खात्यात पैसे दिसले म्हणून मोबाईल घेतला, घराचे पत्रे घातले, की पुढे निकाल आणि दाखल्याच्या वेळी अडचण उभी राहते. भत्ता आपला, शुल्क कॉलेजचे. पैसे भरल्यावर पावती घ्यावी आणि जपून ठेवावी.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणजे कायमचा झाला असे नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि प्रवेशाची पावती एका पिशवीत ठेवा. हजेरी ७५ टक्क्यांखाली जाऊ देऊ नका.

आमची विहार समित्यांना आणि महिला मंडळांना विनंती आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक तास काढा. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी फळ्यावर हे चार रकाने आखावेत आणि प्रत्येक घराने आपला कागद आणावा. “शिका” हा आदेश आपण घराघरांत पोचवला आहे. आता शिकणाऱ्या लेकराची फी, खाणावळ आणि खोली यांचा हिशेब बसवणे हे समाजाचे काम आहे.

जय भीम!