वृद्ध आईबापांसह कोंकणचा रेल्वेप्रवास

आईबापांस काशी-रामेश्वर घडवावें, ही मराठी घरांतील फार जुनी इच्छा आहे. यात्रेचें फळ देवाच्या दारीं मिळतें. तेथवर पोहोंचण्यांत किती हाल झाले, हें कोणी विचारीत नाहीं. उलट, जितके हाल अधिक तितकें पुण्य अधिक, अशीच समजूत असते. परंतु मुलूख पाहण्यासाठीं जो प्रवास करावयाचा, त्याचा हिशेब निराळा आहे. तेथें वाट हेंच मुक्कामाचें ठिकाण असतें. ज्याची कंबर दुखत आहे, किंवा ज्याला लघुशंकेची चिंता लागली आहे, त्याला खिडकीबाहेरचा धबधबा दाखवून उपयोग नाहीं. म्हणून अशा प्रवासांत वृद्ध माणसाच्या शरीराची सोय ही दुय्यम बाब नव्हे. तीच पहिली बाब होय.

महाराष्ट्रांतील कुटुंबांना अशा प्रवासासाठीं कोंकण रेल्वेसारखा मार्ग क्वचितच मिळेल. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारें ७४० किलोमीटर लांबीचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध रहदारीस खुला झाला. वाटेंत लहानमोठे मिळून सुमारें २,००० पूल आणि ९१ बोगदे आहेत. आज ज्यांनीं पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या तरुणपणीं ही गाडी नव्हती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर बोटींत बसावें, नाहींतर एस्. टी. च्या मोटारींत घाटांचीं वळणें सोसावींत, हेच मार्ग बहुतेक चाकरमान्यांपुढें असत. बोटीनें जातांना बाणकोटला सावित्रीचें आणि दाभोळला वाशिष्ठीचें मुख दिसे. आगगाडी त्याच नद्या आंतल्या बाजूस ओलांडते. त्यामुळें ज्यांनीं तो जुना प्रवास केला आहे, त्यांना हा मुलूख ओळखीचा असूनहि नवा वाटतो. मुलांना केवळ देखावा दिसतो, तेथें आईला माहेर दिसत असतें.

कोंकण रेल्वे म्हणजे समुद्राच्या कडेनें धांवणारी गाडी, अशी अनेकांची समजूत असते. रोह्यापासून गोव्यापर्यंत तरी ती खरी नाहीं. गाडी सह्याद्री आणि सागर यांच्या मधल्या उंचसखल पट्ट्यांतून जाते. समुद्र बहुतेक दिसत नाहीं. समुद्राच्या आशेनें खिडकींत बसलेल्या माणसाची निराशा होऊं नये, म्हणून हें आधींच सांगावें हें बरें. दिसतात त्या नद्या, भातशेतें, जांभ्या दगडाचे कडे आणि कौलारू घरें. रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी स्टेशनाजवळ पावसाळ्यांत रानपाटचा धबधबा दिसतो. त्यापुढें करबुड्याचा सुमारें साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. तो ओलांडण्यास गाडीला पांच-सहा मिनिटें लागतात. रत्नागिरी सुटल्यावर पानवलचा पूल येतो. दरीच्या तळापासून त्याची उंची सुमारें ६४ मीटर आहे. गोव्यांत शिरल्यावर मांडवी व झुआरी या मोठ्या नद्या ओलांडाव्या लागतात. तेथें मात्र विस्तीर्ण पाणी पाहावयास मिळतें.

यांतील बहुतेक देखावे कांहीं क्षणच टिकतात. तरुण माणूस हांक ऐकतांच वळून पाहतो. वृद्धाला मान वळवून, चष्मा सारखा करून पाहावयास वेळ लागतो. "तें पाहा, तें पाहा!" असें ऐन वेळीं ओरडल्यानें त्याला फक्त गेलेला पूल दिसतो. स्टेशनांचा क्रम एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून हातीं दिला, तर पुढें काय येणार हें त्याचें त्यालाच कळतें. बोगदे मध्यें मध्यें येतात, तेहि एका अर्थीं उपकारकच. डोळ्यांना तेवढी विश्रांति मिळते.

ऋतूची निवड विचारपूर्वक करावी. आषाढ-श्रावणांतील कोंकण सर्वांत देखणें खरें, परंतु त्या दिवसांत या मार्गावर निराळें वेळापत्रक लागू होतें आणि गाड्या सावकाश चालवितात. मुसळधार पावसानें पुढचें दिसेनासें झालें, तर वेग ताशीं ४० किलोमीटरपर्यंत उतरवावा लागतो. या सावधगिरीला कारण आहे. २२ जून २००३ रोजीं वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी रुळांवरून घसरली आणि पन्नासाहून अधिक माणसें दगावलीं. हल्लीं दरडींवर पहारा असतो; तरीहि पावसाळ्यांत कांहीं तासांचा उशीर गृहीत धरावाच लागतो, आणि मधुमेही वा अशक्त माणसाला हा उशीर जड जातो. वैशाखांत उकाडा असह्य होतो आणि गाड्याहि भरलेल्या असतात. गणपतीच्या व शिमग्याच्या आसपास तर उभें राहावयासहि जागा नसते. पाऊस ओसरल्यापासून दिवाळी उलटेपर्यंतचा काळ, सणांचे गर्दीचे दिवस वगळून, उत्तम समजावा. तेव्हां हिरवळ टिकलेली असते आणि नद्याहि भरलेल्या असतात.

गाडी दिवसाची घ्यावी. रात्रीच्या गाडीनें वेळ वांचतो, पण सारें कोंकण झोंपेंत निघून जातें. मुंबईहून मडगांवाकडे दिवसा जाणाऱ्या गाड्यांत मांडवी एक्स्प्रेस जुनी व परिचित आहे. जनशताब्दीला २०१७ सालापासून कांचेच्या छताचा डबा जोडण्यांत येऊं लागला, आणि जून २०२३ मध्यें वंदे भारत गाडी सुरू झाली. कांचेच्या डब्यांतून डोंगर माथ्यापर्यंत दिसतात, हें खरें. पण छतांतून ऊनहि येतें, आणि खुर्चीवर पाठ टेकतां आली तरी आडवें होतां येत नाहीं. जें माणूस घरीं दुपारीं तासभर निजल्यावांचून राहूं शकत नाहीं, त्याला आठ-नऊ तास खुर्चींत बसविणें म्हणजे शिक्षाच. अशा वेळीं मांडवीसारख्या गाडींतील बर्थ अधिक बरा. तीन मजली डब्यांत मधला बर्थ उघडला कीं खाली बसणाऱ्यास मान वांकवावी लागते. दोन मजली डब्यांत ही अडचण नसते. वातानुकूलित डब्यांत थंडी वाजते, म्हणून शाल व पायमोजे हाताशीं ठेवावेत. साध्या शयनयान डब्यांत मोकळी खिडकी आणि ओल्या मातीचा वास मिळतो; त्याबरोबर धूळ व गडबडहि मिळते.

तिकिटाच्या बाबतींत तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची आगाऊ मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. वृद्धांना भाड्यांत मिळणारी जुनी सवलत मार्च २०२० मध्यें बंद करण्यांत आली, तेव्हां ती धरून हिशेब करूं नये. तिसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. खालच्या बर्थसाठीं कांहीं जागा राखून ठेवलेल्या असतात. त्या ६० वर्षांच्या व त्यावरील पुरुषांना आणि ४५ वर्षांच्या व त्यावरील स्त्रियांना मिळतात, परंतु अशीं एक किंवा दोनच माणसें त्या तिकिटावर असलीं तरच. चाळिशींतला मुलगा आईचें नांव आपल्याच तिकिटावर घालतो, आणि त्या राखीव जागेवरील तिचा हक्क नकळत घालवितो. आईवडिलांचें तिकीट निराळें व मुलाचें निराळें, पण एकाच डब्यांतलें काढावें. पंचेचाळिशी उलटलेली लेक किंवा सून मात्र आईबरोबर एकाच तिकिटावर ही सोय घेऊं शकते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. श्रावणबाळाच्या कथेंत आईबापांनीं तहान लागल्याचें सांगितलें, म्हणून तो झारी घेऊन पाण्याकडे गेला. आजच्या आईबापांची अडचण याच्या उलट आहे. तीं सांगतच नाहींत. "मला कांहीं नको, तूं घे," एवढेंच उत्तर मिळतें. याचें कारण संकोच नसून भीति असते. हलत्या डब्यांतून तोल सांवरीत शौचकूपापर्यंत जावयाचें, ओल्या जमिनीवर पाय ठेवावयाचा, आंतली कडी निघाली नाहीं तर काय, आणि वारंवार उठल्यानें मुलाला त्रास होईल, या साऱ्याचा विचार करून कित्येक वृद्ध आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडतात. लघवीचें औषध चालू असलें, तर त्या दिवसाची गोळीहि परस्पर टाळतात. वयपरत्वें तहानेची जाणीव मंद होत जाते, ती निराळीच. कोंकणच्या दमट हवेंत घाम वाहतो, पोटांत पाणी नसतें, आणि दुपारपर्यंत माणूस गळून जातें. चक्कर येते, बोलण्यांत घोंटाळा होतो, क्वचित् उठतां उठतां तें खाली कोसळतें. घरचीं माणसें म्हणतात, "प्रवास झेपला नाहीं." वस्तुतः प्रवास झेपला असता, झेपली नाहीं ती तहान.

"पाणी पी" असा आग्रह केल्यानें हें संकट टळत नाहीं. भीति दूर केली पाहिजे. जागा शौचकूपाला लागून नको, पण फार दूरहि नको. गाडी स्टेशनाबाहेर पडून एकसारखी चालूं लागली कीं एकदां बरोबर जाऊन वाट, धरावयाची दांडी आणि कडी दाखवावी. आंतून कडी न लावतां बरोबरीच्या माणसानें दार धरून बाहेर उभें राहावें, असें आधींच ठरवून टाकावें. उठावयाची वेळ वृद्धानें मागण्याची वाट न पाहतां, दर दोन तासांनीं सहज पाय मोकळे करण्याच्या निमित्तानें त्याला उठवावें. म्हणजे मागण्याचा ओशाळेपणा राहत नाहीं. मग पाणी आपोआप प्यालें जातें, घोट घोट, तासातासाला. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळें पाण्याचें प्रमाण ठरवून दिलेलें आहे, त्यांनीं तेंच पाळावें. आणि गोळीची वेळ बदलावयाची असल्यास निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारूनच बदलावी.

या उठण्याचा दुसराहि लाभ आहे. बराच वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यानें घोट्यांना सूज येते, आणि क्वचित् पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी होण्याचाहि संभव असतो. बसल्या बसल्या पावलें वरखाली करणें, घोटे फिरविणें, अधूनमधून पाय समोरच्या बाकावर ठेवणें, एवढें बहुधा पुरतें. निजून उठल्यावर एकदम उभें राहूं नये. क्षणभर कडेला बसून, डोकें हलकें वाटत नाहींसें पाहून मग उठावें. औषधें मोठ्या पेटींत न ठेवतां हाताच्या पिशवींत ठेवावींत, आणि तींहि एका दिवसाला पुरतील त्याहून अधिक. मधुमेही माणसाचें जेवण गाडीच्या वेळेवर अवलंबून ठेवूं नये. दशमी, केळें असें कांहींतरी जवळ असावें. जिची स्मृति अलीकडे दगा देऊं लागली आहे, अशा व्यक्तीच्या खिशांत नांव व घरच्यांचा दूरध्वनि लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. वाटेंत अडचण आल्यास १३९ या क्रमांकावर रेल्वेची मदत मागतां येते.

प्रवासांतला खरा धोका पुष्कळदां शेवटच्या पायरीवर असतो. लहान स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटेंच थांबते, आणि कांहीं ठिकाणीं प्लॅटफॉर्म डब्यापेक्षां बराच खाली असतो. सामान आधींच दाराशीं नेऊन ठेवावें. एकानें प्रथम उतरून खालून हात द्यावा, दुसऱ्यानें मागून आधार द्यावा, आणि पिशव्या सर्वांत शेवटीं काढाव्यात. मोठ्या स्टेशनावर चाकांची खुर्ची मागतां येते. मानी वडिलांना ती नको असते. "जिन्यांचा फार फेरा आहे" असें सांगून ती अगोदरच आणवून ठेवावी, म्हणजे चारचौघांत वाद होत नाहीं. कोंकण रेल्वेचीं कित्येक स्टेशनें गांवापासून दूर आहेत, हेंहि विसरूं नये. सावंतवाडी रोड हें नांवच तें सांगतें. वाहन आधीं ठरविलेलें नसेल, तर दिवसभर सुखानें आलेलें माणूस शेवटच्या अर्ध्या तासांत थकून जातें. आणि मडगांव एका दमांत गांठलेंच पाहिजे, असाहि नियम नाहीं. दोन निराळीं तिकिटें काढून रत्नागिरीस एक रात्र काढली, तर वाट दोन दिवसांत विभागली जाते आणि दोन्ही दिवसांचा उजेड पाहण्यास मिळतो.

बेत आखतांना मुलें सहसा एकच प्रश्न विचारावयाचा राहून जातात: आईला काय पाहावयाचें आहे? मुलाच्या मनांत झुआरीचा पूल असतो; तिच्या मनांत कदाचित् एखाद्या आडस्टेशनापलीकडची वाडी असते, जेथून ती लग्न होऊन निघाली. ती वाडी खिडकींतून दिसणार नसली, तरी तेथें गाडी मंदावतांच ती बोलूं लागेल. त्या वेळीं हातांतला फोन बाजूस ठेवून ऐकावें. बोगद्यांत बाहेर पाहण्यासारखें कांहीं नसतें, आणि त्या पांच-सहा मिनिटांत जितकें बोललें जातें, तितकें घरांतल्या दिवाणखान्यांत महिन्याभरांतहि बोललें जात नाहीं.

परतल्यावर किती स्थळें पाहिलीं, याची मोजदाद करूं नये. घरीं आल्यावर एक दिवस संपूर्ण विश्रांतीचा ठेवावा. त्यानंतर आईनें आपण होऊन पुढच्या प्रवासाची गोष्ट काढली, तर बेत नीट आखला गेला होता, असें समजावें.