केळ्याच्या पोटातील वायू

खानदेशातून सुरतेस येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना तापीकाठच्या केळीबागा नव्याने सांगावयास नकोत. नदीच्या वरच्या अंगास जळगाव-रावेर, तर मुखाकडे आपले कामरेज. बागेत करपा पडला की शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. हा रोग वास्तविक पानांचा, तो फळाला शिवत नाही. तरीही घड पुरता भरण्यापूर्वीच काही केळी झाडावर पिवळी पडू लागतात. असे का व्हावे?

फळ जिवंत असते व श्वासोच्छ्वास करते. सालीवरील सूक्ष्म रंध्रांतून प्राणवायू आत जातो, कर्बद्विप्राणिद बाहेर पडतो. मात्र ही वाट अरुंद असल्याने गराच्या पेशींमधील पोकळ्यांत बाहेरच्या हवेपेक्षा प्राणवायू कमी आणि कर्बद्विप्राणिद कितीतरी अधिक असतो. तेथेच इथिलीन नावाचा तिसरा वायूही अत्यल्प प्रमाणात असतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भाग असला, तरी तयार झालेले हिरवे केळे पिकू लागते. पिकणारी सफरचंदे हा वायू स्वतःच निर्माण करतात, हे १९३४ साली इंग्लंडात गेन यांनी सिद्ध केले. आपल्याकडे आंबे अढीत घालतात, त्यातील मर्म हेच की फळांचा वायू फळांतच कोंडून राहावा.

रोगाने वनस्पतीला इजा झाली म्हणजे तिच्यातील इथिलीन वाढतो, श्वसनही वाढते. करप्याने पाने जळाली की घडाचे पोषण तुटते. फळे बारीक राहतात आणि पिकण्याची क्रिया अवेळी सुरू होते. मग एका फणीचा वायू शेजारच्या फण्यांस पिकवितो. असा घड दूरच्या बाजारापर्यंत टिकत नाही, आणि वर्षभराची मेहनत मातीमोल होते.

केळ्या-आंब्यांवर काळे डाग पाडणारी कोलेटोट्रायकम ही बुरशी तर याहून धूर्त. तिचे बीजाणू कोवळ्या फळावर येऊन पडतात, पण फळ हिरवे असेतो रोग बहुधा डोके वर काढीत नाही. फळातून इथिलीन सुटू लागला की त्याच्या स्पर्शाने बीजाणू रुजतात व सालीत घुसणारे अवयव त्यांना फुटतात, असे अमेरिकेतील संशोधकांना १९९४ साली आढळले. म्हणजे फळ आपल्या पक्वतेची वर्दी जणू शत्रूलाच देते!

संत्र्या-लिंबांवरील हिरवी बुरशी इथिलीन स्वतःच तयार करते. करंडीतले एक लिंबू सडले की शेजारची हिरवी लिंबे भराभर पिवळी होतात, ती यामुळेच.