शाळेच्या अनुदानावर अध्यक्षांची सही: कागदावर नेमकं काय बघायचं?

फेब्रुवारी संपत आला की खेड्यातल्या सरकारी शाळेत एक दृश्य हमखास दिसतं. शाळा समितीच्या अध्यक्षांना शेतातून बोलावून घेतलेलं असतं, टेबलावर चार-पाच कागद पसरलेले असतात आणि हेडमास्तर म्हणतात, "अक्का, एवढ्या सह्या करा, आज बँकेत द्यायचंय." अक्का सह्या करतात, चहा घेतात आणि परत कामाला जातात. पुढे वर्ष-दोन वर्षांनी लेखापरीक्षण होतं आणि प्रश्न येतो की ही पाण्याची टाकी दाखवा. टाकी आलेलीच नसते. ती मिळाली असं आपणच लिहून दिलंय, हे अक्कांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

सीमाभागातल्या मराठी शाळांत हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसमोर येणारे बरेच कागद कानडीत असतात. पण कागद मराठीत असला तरी सगळं समजतंच असं नाही. म्हणून शाळेला येणाऱ्या सरकारी पैशाचा हिशेब कसा चालतो आणि त्यात पालकांची सही कुठं कुठं लागते, ते एकदा नीट बघू.

आधी पैसा कोणता ते. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण यांच्या योजना एकत्र करून 2018 मध्ये समग्र शिक्षा योजना आली. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगणा या सगळ्या राज्यांत तिच्या खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा. त्यातून सरकारी शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. 30 पर्यंत विद्यार्थी असतील तर 10 हजार रुपये, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1,000 पर्यंत 75 हजार आणि त्यापुढे एक लाख. शिवाय क्रीडा साहित्याला प्राथमिकसाठी 5 हजार, उच्च प्राथमिकसाठी 10 हजार. ग्रंथालयाचं अनुदान वेगळं.

पट म्हणजे यू-डायसमध्ये भरलेला पट. हजेरीपटावर 31 मुलं आहेत पण यू-डायसमध्ये 30 गेली, तर एका मुलाच्या फरकाने शाळेचे 15 हजार रुपये जातात. मराठी शाळांचा पट आधीच घसरतोय. तिथं ही माहिती भरताना कोणीतरी पालकाने शेजारी बसणं अजिबात वाया जाणारं काम नाही. आणि हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. मंजुरी कमी आली किंवा पैसे दोन हप्त्यांत आले तर लगेच हेडमास्तरांवर संशय घेऊ नका, वरून नेमके किती आले ते आधी विचारा.

हा पैसा कशावर खर्च करायचा तेही ठरलेलं आहे. खडू-रजिस्टर, शैक्षणिक साहित्य, वीज, पाणी, इंटरनेट, बिघडलेल्या वस्तू बदलणं, असलेल्या इमारतीची आणि स्वच्छतागृहाची किरकोळ दुरुस्ती, एवढं त्यात बसतं. किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर घालावी लागते. नवी खोली बांधणं यात बसत नाही, त्याची मंजुरी वेगळी असते. ग्रंथालयाच्या पैशातून पंखे घेतले तर गरज खरी असली तरी तो आक्षेपच ठरतो. पीएम पोषणचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा पैसा तर यात कधीच मिसळायचा नाही.

आता सह्यांकडे येऊ.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 प्रमाणे सरकारी शाळेला समिती असावीच लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला. महाराष्ट्रात आणि गोव्यात तिला शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात, कर्नाटकात एसडीएमसी, मध्य प्रदेशात शाला प्रबंधन समिती. नाव काहीही असो, मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे तिचं काम कायद्यातच लिहिलेलं आहे. त्यामुळे हिशेब मागितला की "तुम्हाला काय करायचंय" असं कुठं ऐकू आलं, तर हे कलम दाखवा. (अनुदानित खासगी शाळांत मात्र समितीचा अधिकार सल्ल्यापुरताच, आणि वर सांगितलेली अनुदानंही सरकारी शाळांसाठीच. हैदराबादच्या किंवा बेळगाव शहरातल्या अनुदानित मराठी शाळांच्या पालकांनी इथं गोंधळ करून घेऊ नये.)

एक उदाहरण घेऊ. समजा शाळेचा पट 64 आहे आणि 25 हजार रुपये मंजूर झालेत. त्यातले निदान 2,500 स्वच्छतेला. समितीला पाण्याची टाकी आणि नळजोडणी करायची आहे, अंदाज 9,400 रुपये.

पहिला कागद ठरावाचा. बैठकीची तारीख, हजर सदस्यांच्या सह्या, काय घ्यायचं, कोणत्या अनुदानातून आणि कितीपर्यंत, हे सगळं ठरावाच्या वहीत हवं. ठराव बिलाच्या आधीच्या तारखेचा असावा. हे सांगायची गरज पडू नये, पण लेखापरीक्षणात सर्रास सापडणारी चूक हीच: बिल 3 तारखेचं, ठराव 20 तारखेचा. आणखी एक, कोऱ्या पानावर सही करायची नाही. "मागाहून लिहून घेतो" असं कितीही आपुलकीनं सांगितलं तरी नाही.

दुसरा कागद दरपत्रकांचा. एका मर्यादेच्या आतल्या खरेदीला कोटेशन लागत नाही, त्यावर साधारण तीन लागतात. ही मर्यादा प्रत्येक राज्याच्या खरेदी नियमात वेगळी आहे, ती बीईओ किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी घेऊन ठेवा. मर्यादेत बसवण्यासाठी एकाच खरेदीची तीन बिलं करणं कुठल्याच राज्यात चालत नाही. आणि तीन दुकानांची तीन कोटेशनं एकाच हस्ताक्षरात असतील, तर ती कशी आली हे सांगायला लेखापरीक्षकाची गरज नाही.

तिसरा कागद बिल. त्यावर शाळेचं नाव, तारीख, वस्तू, नग आणि दर लिहिलेला हवा, नुसतं "किरकोळ साहित्य 9,400" चालत नाही. दुकानदार जीएसटीत नोंदणीकृत असेल तर त्याचा क्रमांकही बिलावर हवा.

चौथी नोंद सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. टाकी शाळेत आली की ती साठा नोंदवहीत, ज्याला आपण डेडस्टॉक म्हणतो त्यात, चढवायची आणि बिलावर त्या पानाचा नंबर टाकायचा. मगच पैसे द्यायचे. एखाद्या अध्यक्षाला एवढंच करायचं असेल, बाकी काही वाचायला वेळ नसेल, तर त्याने सही करण्याआधी उठून वस्तू डोळ्याने बघावी आणि डेडस्टॉकचं पान उघडायला लावावं. निम्मी भानगड तिथंच मिटते.

मग पैसे. इथं पद्धत बदलली आहे आणि जुन्या अध्यक्षांची फसगत इथंच होते. पूर्वी अनुदान शाळेच्या खात्यात जमा व्हायचं, चेक फाडला की काम झालं, उरलेले पैसे खात्यात पडून राहायचे. 2021 पासून केंद्राच्या योजनांसाठी राज्यात एकच मुख्य खातं ठेवायचं असं ठरलं. शाळेचं खातं त्याला जोडलेलं, शून्य शिलकीचं. शाळेला मिळते ती फक्त खर्चाची मर्यादा. पीएफएमएस या संगणक प्रणालीत शाळेने देयक नोंदवलं आणि मंजूर केलं की मुख्य खात्यातून पैसे थेट दुकानदाराच्या खात्यावर जातात. अलीकडे याच्याही पुढची, रिझर्व्ह बँकेमार्फत ऐन वेळी पैसे सोडणारी एसएनए-स्पर्श ही पद्धत येते आहे.

याचे दोन परिणाम. एक चांगला: रोख रक्कम काढून "नंतर बिल लावू" ही वाट बरीचशी बंद झाली. या प्रणालीत नोंद करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असे दोन टप्पे असतात. आता दोन्ही पासवर्ड एकाच वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले असतील तर या सगळ्याला अर्थ राहत नाही, हेही खरं.

दुसरा परिणाम त्रासाचा. 31 मार्चपर्यंत न वापरलेली मर्यादा परत वर जाते. शाळेला कळायला उशीर झाला, मर्यादा मार्चमध्ये खुली झाली, तर हातात उरतात पंधरा-वीस दिवस. त्यात परीक्षा, बँकेच्या सुट्ट्या, आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्या शाळा एकदम बसल्यामुळे रेंगाळणारी प्रणाली. बिल आधी, वस्तू नंतर हा प्रकार बहुधा इथूनच सुरू होतो. सगळेच हेडमास्तर पैसे खायला बसलेले नसतात. पैसे परत जातील या धास्तीने दुकानदाराकडून बिल घेतलं जातं, पैसे सोडले जातात, आणि दुकानदार टाकी "पुढच्या आठवड्यात" पाठवतो. ती आली तर नशीब. सरकारने वर्षाच्या शेवटी पैसे सोडायचे आणि नियम मात्र बारा महिन्यांचे लावायचे, यातला अन्याय मान्यच करायला हवा. दोन शिक्षकी शाळेत कारकून नसतो. शिकवणारा माणूसच कीर्द लिहितो, कोटेशन गोळा करतो, देयक चढवतो.

यावर समितीच्या हातात एक उपाय आहे. शाळा विकास आराखडा करणं हे कलम 22 प्रमाणे तिचंच काम. तो मनावर घेऊन करायचा. काय लागणार, कोणत्या क्रमाने, कुठल्या दुकानात किती पडेल हे दिवाळीच्या आसपास ठरवून ठराव करून ठेवला, तर मर्यादा खुली झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑर्डर देता येते. मार्चमध्ये विचार सुरू केला तर खरेदी दुकानदाराच्या मर्जीने होते.

आणखी एक अडचण हेडमास्तर बोलून दाखवत नाहीत. वर्षभर खडू, फिनेल, झेरॉक्स यावर ते खिशातले पैसे घालतात आणि मग ते परत कसे घ्यायचे हा प्रश्न उरतो. अनुदानातून स्वतःच्या खात्यावर रक्कम वळवली की लेखापरीक्षणात पहिलं बोट तिथंच ठेवलं जातं. त्यापेक्षा एकाच नोंदणीकृत दुकानात शाळेच्या नावाने उधारीची वही ठेवून, ठराव करून, एकत्र बिल थेट दुकानदाराला देणं दोघांनाही सोयीचं.

शेवटचा कागद उपयोगिता प्रमाणपत्र, जुन्या भाषेत विनियोग दाखला. एवढी रक्कम मिळाली, एवढी त्याच कामावर खर्च झाली, एवढी शिल्लक परत गेली, असं त्यात शाळा लिहून देते. तो वर जोडत जोडत राज्याकडून केंद्राकडे जातो आणि तो अडला की पुढचा हप्ता अडतो. म्हणूनच "लवकर सही करा" ही घाई. पण खर्च 18 हजार झालाय आणि दाखला 25 हजारांचा, अशी सही म्हणजे खोटं लिहून देणं. कमी खर्च दाखवला म्हणून शाळेवर गुन्हा होत नाही. जास्त दाखवला तर होऊ शकतो, आणि त्यावर सही दोघांची असते.

कानडी कागदांचं काय? मजकूर कळत नसला तरी रक्कम, तारीख आणि खाते क्रमांक बहुतेक वेळा इंग्रजी आकड्यांत असतात. ते बिलाशी जुळवून बघता येतात. कागद मोठ्याने वाचून अर्थ सांगायला लावा आणि ठरावाच्या वहीत त्याच पानावर दोन ओळी मराठीत लिहून त्याखाली सही करा. आपण कशाला होकार दिला याचा तो तुमचा पुरावा. एक झेरॉक्स घरी ठेवा.

हेडमास्तरांची बदली झाली किंवा समिती बदलली, तर रोखकीर्द, व्हाउचर फाइल, डेडस्टॉक आणि ठरावाची वही यादी करूनच हस्तांतरित व्हायला हवीत, आणि बँकेतली सहीची नावं त्याच आठवड्यात बदलायला हवीत. जुन्या अध्यक्षाची सही बँकेत तशीच राहून नवा हंगाम सुरू झाला, तर त्या वर्षीचं जबाबदार कोण हे ठरवता ठरवता सगळ्यांची दमछाक होते.

समितीत नसलेल्या पालकांनाही हिशेब बघता येतो. किती अनुदान आलं आणि कशावर गेलं हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर बैठकीत विचारा. तिथंही दाद लागली नाही तर माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "सर्व हिशेब द्या" असं मोघम लिहू नका. अमुक वर्षाच्या संयुक्त शाळा अनुदानाची रोखकीर्द, बिलं, डेडस्टॉकची संबंधित पानं आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांच्या प्रती, असं नाव घेऊन मागा.