आईची अर्धी वाटी
गेल्या पावसाळ्यात चांदीपच्या घरी आईला पेलाभर दूध जाईना. चार घोटांतच ती थकत असे. तेव्हा आटीव दुधाकडे वळलो. साखर घातलेले डबाबंद घट्ट दूध निराळे. यात साखर नसते. जाड बुडाच्या, उभ्या कडांच्या पातेल्यात 1 लिटर दूध मंद आचेवर ठेवले, उलथन्याच्या दांड्यावर पातळीची खूण केली. तळ ढवळत, कडेची साय खरवडून मिसळत राहावे. 400 मिलिलिटर उरले की उतरवावे. पहिल्या खेपेस मी वर्तमानपत्रात रमलो आणि सारे करपले. बँकेतली दक्षता कामी आली नाही! बाजारचे आटीव दूध डब्यात निर्जंतुक केलेले, म्हणून महिनोन्महिने टिकते. घरचे शीतकपाटात ठेवून तीन दिवसांत संपवावे. आई अर्धी वाटी घेते. वेलदोडा मात्र तिला हवाच.