आमच्या घरी चारचाकी आली

आमच्या घरी चारचाकी आली ही बातमी सोसायटीत पसरायला अर्धा दिवसही लागला नाही. समोरचे आप्पा पेढे मागायला आले. खालच्या काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढून "कुठं उभी केलीय?" असे विचारले. मी दोघांना दिवाणखान्यात नेले आणि चपलांच्या मांडणीमागे उभी करून ठेवलेली चारचाकी दाखवली. लांबी जेमतेम तीन फूट, रुंदी वीतभर, वजन तीन किलोच्या आसपास. इंजिन नाही, हँडल नाही, ब्रेकही नाही. आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "अहो, ही तर पोळपाटाची थोरली बहीण!"

वस्तूचे नाव स्केटबोर्ड आणि मालकीण आमची धाकटी, वय वर्षे एकोणीस. आम्ही राहतो कोथरूडला. 6 मार्च 2022 रोजी वनाझहून गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रो सुरू झाली आणि पुढच्या वर्षी 1 ऑगस्टला ती रूबी हॉलपर्यंत गेली, तेव्हा आता पोरीची दगदग संपली असे आम्ही समजलो. पण मेट्रो घराच्या दारात येत नाही. दारापासून स्टेशन दोन किलोमीटर. चालायला पंचवीस मिनिटे. रिक्षावाल्याला विचारावे तर "वनाझ" हा शब्द ऐकताच तो विरुद्ध दिशेच्या क्षितिजाकडे बघू लागतो. तेव्हा शिकवणीच्या कमाईतून कन्येने ही फळी आणली. दहा मिनिटांत स्टेशन, आणि गाडीत शिरताना फळी काखोटीला!

माझ्या वडिलांनी तीस वर्षे एकाच सायकलवर नोकरी केली. त्या पुण्याला सायकलींचे शहर म्हणत आणि त्या काळी डबलसीट जाताना पोलीस पकडी, एवढीच काय ती भीती. त्यामुळे इंजिनाशिवाय फिरण्याचे मला नवल नव्हते. नवल होते ते हे, की ही फळी थांबते कशी? कन्येने शांतपणे सांगितले, "बाबा, मागचा पाय खाली टेकवून घासायचा." म्हणजे ब्रेक म्हणजे बुटाचा तळ! दर तीन महिन्यांनी नवे बूट का लागतात, हे कोडे सुटले.

मग मी या यंत्राची चौकशी सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी 1950 नंतरच्या दशकात रोलर स्केटची चाके फळीला ठोकली, तिथून हे सुरू झाले. पहिली चाके लोखंडाची, नंतरची भाजलेल्या मातीच्या जातीची. वाटेत खडा आला की चाक जागच्या जागी अडे आणि स्वार पुढे उडे. 1972-73 च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने युरेथेनची चाके बाजारात आणली. ती रस्ता धरून ठेवतात आणि बारीक खडा गिळूनही टाकतात. नॉर्वेसारख्या शहाण्या देशाने 1978 ते 1989 अशी अकरा वर्षे या फळीवर बंदी घातली होती, हे मी आनंदाने घरात वाचून दाखवले. त्यावर कन्येने 2021 साली झालेले टोकियोचे ऑलिंपिक काढले. मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक जिंकणारी मोमिजी निशिया तेव्हा तेरा वर्षांची होती. "तिची आई वेगळी असेल," असे म्हणून सौ.ने विषय मिटवला.

विषय मिटला नव्हता. श्रावणातल्या एका संध्याकाळी, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत, ड्रेनेजच्या झाकणाच्या वर आलेल्या कडेला चाक अडले आणि पोर पुढे फेकली गेली. पडताना माणूस हात पुढे टाकतो. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. हॉस्पिटलातून घरी आल्यावर सौ. एवढेच म्हणाली, "अहो, उद्या भंगारवाला आला की ती फळी देऊन टाका."

रात्री मी फळी उचलायला गेलो तर कन्या जागी. म्हणाली, "द्या बाबा. पण मग संध्याकाळी मला न्यायला कोण येणार?" आणि मग जे चार महिने सांगितले नव्हते ते सांगितले. साडेसातला त्या अंधाऱ्या तुकड्यातून चालत येताना एक मोटारसायकल तीन दिवस तिच्या मागे हळूहळू येत होती. चौथ्या दिवशी तिने फळी घ्यायचे ठरवले. फळी आम्हाला हौस वाटत होती.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला मी दारातूनच परतवले आणि पहाटे सहाला तो रस्ता पायी मोजायला निघालो. दोन किलोमीटरमध्ये नऊ गतिरोधक, त्यातला एकही दुसऱ्यासारखा नाही. वर आलेली झाकणे अकरा. फुटपाथ आहे, पण त्यावर अनुक्रमे वडापावची गाडी, विजेची पेटी, गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि एक झोपलेला कुत्रा. चारचाकी मोटारीतून जाताना यातले काही दिसत नाही. बोटभर उंचीच्या चाकाला मात्र सगळे भोवते.

मग घरात तह झाला, आणि सौ.ने तो शब्दशः वहीत लिहून घेतला. हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. पावसात फळी घरी; ओल्या रस्त्यावर पाय सरकतो आणि चाकातली बेअरिंगे गंजतात ती वेगळीच. वर आलेल्या झाकणांच्या टप्प्यावर उतरून चालायचे. अंधाऱ्या तुकड्यात मी स्वतः साडेसातला उभा राहणार. शिवाय चाके बदलली. आधीची होती मैदानात उड्या मारण्याची, लहान आणि टणक. त्यांच्या कडकपणाचा अंक 99ए. आता आली ती 78ए ची, मऊ आणि जवळजवळ सत्तर मिलिमीटर व्यासाची. खडखडाट एकदम निम्म्यावर आला. गल्लीतल्या कुत्र्यांना त्या आवाजाचाच राग होता असे दिसते, कारण तेही आता अर्ध्याच मनाने भुंकतात.

प्लास्टर निघून महिना झाल्यावर, एका रविवारी पहाटे कन्या सोसायटीच्या आवारात सराव करत होती. आम्ही उभयता देखरेखीला. थोड्या वेळाने सौ. पदर खोचून म्हणाली, "जरा बघू, उभं तरी राहता येतं का." मी थक्क! कन्या म्हणाली, "आई, आधी तुझा कुठला पाय पुढचा ते पाहू." आणि तिने मागून आईला हलकेच ढकलले. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तो फळीवर पुढे ठेवायचा. बहुतेकांचा डावा असतो. सौ.चा पडला उजवा.

"अगं, तू गूफी आहेस!" कन्या ओरडली. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांना त्या लोकांत असे म्हणतात.

"गूफी काय गूफी," सौ. माझ्या खांद्याला घट्ट धरून फळीवर चढत म्हणाली, "या घरात माप ओलांडून आले तेव्हाही उजवाच टाकला होता. सोडू नका हं, अहो!"

वर गॅलरीत आप्पा चहाचा कप हातात धरून उभे होते.