एक दिवाणखाना, दोन ॲम्प्लिफायर

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

आज बोलायचे आहे ते दिवाणखान्यातल्या एका तंट्याविषयी. घरातल्या वडीलधाऱ्यांना अभंग आणि नाट्यगीते ऐकायची असतात, मुलांना सिनेमा पाहायचा असतो. भिंतीशी जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन उभे स्पीकर असतात. मग दिवाळीला होम थिएटर येते आणि जुना संच माळ्यावर जातो. गोंदियात ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीचे काम करताना माळ्यावरून उतरवलेले असे संच मी पुष्कळ पाहिले. त्यांतले कितीतरी किरकोळ साफसफाईनंतर उत्तम वाजतात. त्यांना निवृत्त करण्याचे कारण नाही. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत, त्याच दोन स्पीकरांवर नांदू शकतात.

आधी दोघांचे स्वभाव पाहू. गावातल्या भजनात पेटी एका बाजूला, तबला दुसऱ्या बाजूला आणि बुवा मधे बसलेले असतात. डोळे मिटले तरी कोण कुठे आहे हे आपल्याला कळते, कारण दोन कानांशी पोचणाऱ्या आवाजात वेळेचा आणि जोराचा बारीकसा फरक असतो. दोन स्पीकरांतून असाच आभास उभा करण्याची कल्पना ॲलन ब्लुमलाईन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली पेटंटच्या अर्जात मांडली. तोच स्टिरिओ. त्यात गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथून येतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’च्या काळातले मोनो ध्वनिमुद्रणही चांगल्या जोडीवर असेच मधे उभे राहते.

सिनेमाचे गणित निराळे. त्यात पुढे तीन, बाजूला किंवा मागे दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. यालाच पाच पॉइंट एक म्हणतात. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. हे सगळे वाटून देण्याचे काम एव्ही रिसीव्हर करतो. त्याच्या पोटात पाच-सात ॲम्प्लिफायर असतात, पण त्या सर्वांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर सहसा एकच. खोक्यावर छापलेले वॅटचे आकडे बहुधा एक-दोन चॅनेल चालवून मोजलेले असतात. सगळे एकदम वाजू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. म्हणून पुढच्या जोडीचा भार वेगळ्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरने उचलला, तर संगीताला त्याचे हक्काचे यंत्र मिळते आणि रिसीव्हरचेही ओझे हलके होते.

आता जोडणी. पुढचे दोन स्पीकर फक्त स्टिरिओ ॲम्प्लिफायरला जोडावेत. मधला आणि मागचे स्पीकर रिसीव्हरला, आणि सबवूफर रिसीव्हरच्या सबवूफर आउटपुटला. रिसीव्हरच्या पाठीवर ‘प्री-आउट’ लिहिलेल्या जागा असतील, तर त्यांतल्या पुढच्या डाव्या-उजव्या जागांतून साधी ऑडिओ केबल ॲम्प्लिफायरच्या इनपुटला न्यावी. सीडी प्लेअर आणि रेकॉर्ड प्लेअर थेट ॲम्प्लिफायरलाच राहू द्यावेत. गाणी ऐकताना रिसीव्हर बंद, सिनेमाला दोन्ही चालू. झाले.

प्रश्न उरतो आवाजाच्या बटणाचा. ते आता दोन ठिकाणी आहे. काही ॲम्प्लिफायरमध्ये ‘होम थिएटर बायपास’ नावाचे इनपुट असते. तिथे ॲम्प्लिफायरचे बटण बाजूला पडते आणि सगळा कारभार रिसीव्हरच्या रिमोटवर चालतो. मात्र या इनपुटला सीडी प्लेअर कधीही लावू नका. आवाज रोखणारे कोणी नसल्याने तो पूर्ण ताकदीने सुटेल आणि स्पीकर जाईल. बायपास नसेल तर ‘ऑक्स’ इनपुट वापरा, बटणावर एक खूण करा, आणि त्या खुणेवर ठेवूनच रिसीव्हरच्या चाचणी-ध्वनीने सर्व स्पीकरांची पातळी जुळवा. पुढे सिनेमाच्या वेळी बटण नेहमी त्याच खुणेवर आणायचे. ‘फोनो’ लिहिलेल्या जागेत मात्र रिसीव्हर जोडू नये. ती रेकॉर्ड प्लेअरच्या अतिक्षीण संकेतासाठी असते. तिथे आवाज फाटेल.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, एकाच स्पीकरला दोन ॲम्प्लिफायरच्या तारा एकत्र जोडू नयेत. एक बंद असला तरीही नाही. एकाची वीज दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरते आणि आतले ट्रान्झिस्टर जळतात. माझ्या टेबलावर अशी यंत्रे येतात, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. प्री-आउट नसलेल्या रिसीव्हरसाठी स्पीकर बदलण्याचा स्विच मिळतो. पण तो आधीचा संबंध पूर्ण तोडून मगच नवा जोडणारा असावा.

चालू करताना रिसीव्हर आधी, ॲम्प्लिफायर नंतर. बंद करताना उलट. त्यामुळे स्पीकरमध्ये धाडकन आवाज होत नाही. जोडणीनंतर सतत ‘हंऽऽ’ अशी घरघर येऊ लागली, तर दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावून पाहा आणि टीव्हीची केबल क्षणभर काढून पाहा. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात विजा फार. आकाश गडगडू लागण्याआधीच दोन्ही प्लग आणि छतावरच्या डिशची तार काढून ठेवावी.

खोलीही एक वाद्यच आहे. कवेलूच्या छपराखाली आवाज विखुरतो, स्लॅब आणि टाइल्सच्या खोलीत तो घुमतो. जमिनीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा एवढ्यानेही फरक पडतो. दोन्ही स्पीकर आणि आपली बसण्याची जागा यांचा समभुज त्रिकोण करावा, आणि स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे घ्यावेत. यासाठी एक पैसाही लागत नाही.

हा सगळा खटाटोप प्रत्येकाने करावा असे मात्र नाही. खोली लहान असेल, आवाज बेताचा ठेवत असाल आणि मुख्यतः सिनेमाच पाहत असाल, तर एक चांगला रिसीव्हर पुरेसा आहे. पण घरात मन लावून गाणे ऐकणारे कोणी असेल आणि जुना ॲम्प्लिफायर धडधाकट असेल, तर नवा रिसीव्हर घेताना दुकानदाराला तो फिरवून पाठ दाखवायला सांगा. पुढचे दिवे आणि वॅटचे आकडे नंतर पाहा. आधी ‘प्री-आउट’ आहे का ते बघा. तो असेल तर जुन्या संचाला माळा चढावा लागणार नाही.