शिरितोरि आणि काराओके : गीतशीर्षकांच्या साखळीतील मात्राविचार

एका शब्दाचा अन्त्य ध्वनी घेऊन त्यापासून दुसऱ्या शब्दाचा आरंभ करावयाचा, हा खेळ अनेक भाषांत आढळतो. जपानीत त्यास ‘शिरितोरि’ म्हणतात. ‘शिरि’ म्हणजे बूड किंवा मागची बाजू आणि ‘तोरि’ म्हणजे घेणे. अर्थात् ‘शेपूट धरणे’ असा या नावाचा भाव होय. लहान मुलांचा हा खेळ प्रौढांच्या काराओके-बैठकीतही खेळला जातो. तेथे शब्दांची जागा लोकप्रिय गीतांची शीर्षके घेतात. पाळी आलेल्या खेळाडूला केवळ शीर्षक सांगून भागत नाही. ते गीत गावेही लागते. वरवर निव्वळ करमणुकीचा वाटणारा हा प्रकार भाषाभ्यासकापुढे एक मूलभूत प्रश्न ठेवतो. शब्दाचा शेवट म्हणजे नेमके काय, आणि तो कोणी ठरवावयाचा : कानाने की लेखनाने?

प्रथम काराओकेविषयी थोडेसे. ‘कारा’ म्हणजे रिकामा, आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या उसन्या शब्दाच्या जपानी रूपाचे संक्षिप्त रूप. १९६७ साली तोक्यो येथे नेगिशि शिगेइचि यांनी, आणि १९७१ साली कोबे येथे इनोउए दाइसुके यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे अशी यंत्रे सिद्ध केली. यंत्रातील गीत शीर्षकावरून किंवा गायकाच्या नावावरून शोधावयाचे असते, आणि हा शोध ‘काना’ या जपानी अक्षरमालेच्या आधारे होतो. साखळीचा दुवा गीताच्या चरणांत न ठेवता बहुधा शीर्षकात ठेवतात, याचे एक कारण हेच. वाद झाल्यास पडद्यावरील शीर्षक साक्षीला उभे असते.

या खेळाचे मराठी वाचकाला जवळचे असलेले रूप म्हणजे गाण्यांच्या भेंड्या. परंतु साम्याइतकाच भेदही उद्‌बोधक आहे. भेंड्यांत गायिलेल्या ओळीचे शेवटचे अक्षर घेतात आणि त्यातील व्यंजन जुळले की सामान्यतः पुरे होते. ओळ ‘ले’ने संपली तर पुढील गाणे ‘ला’ने किंवा ‘लि’नेही आरंभिता येते. जपानीत ही मोकळीक नाही. ‘कि’ आल्यास ‘कि’च हवा, ‘का’ किंवा ‘कु’ चालत नाही. देवनागरीत व्यंजन हे मूळ चिन्ह असून स्वरचिन्ह त्यास जोडले जाते. काना लिपीत ‘का’, ‘कि’, ‘कु’ ही सर्वस्वी वेगवेगळी चिन्हे आहेत, आणि त्यांतील समान ‘क्’ कोठेही वेगळा दिसत नाही. निवडीचे क्षेत्र त्यामुळे बरेच आकुंचित होते.

या खेळाचे एकक अक्षरगट नसून मात्रा आहे. येथे मात्रा म्हणजे स्वरचिन्ह नव्हे, तर छंदःशास्त्रातील कालमापनाची मात्रा. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा होतात, आणि अन्त्य अनुनासिक ‘न्’ स्वतःच एक मात्रा धरला जातो. योनेझु केन्शि यांच्या २०१८ सालच्या ‘लेमन’ या गीताचे शीर्षक जपानी उच्चारात ‘रे-मो-न्’ असे तीन मात्रांचे होते. हे शीर्षक निवडणारा खेळाडू हरतो. कारण ‘न्’ या मात्रेने आरंभ होणारा शब्द जपानीत मिळत नाही. स्पिट्झ या गटाचे १९९५ सालचे ‘रोबिन्सोन्’ आणि कुबोता साकि यांचे १९७९ सालचे ‘इहोजिन्’ ही अत्यंत लोकप्रिय गीतेही याच कारणास्तव वर्ज्य ठरतात. मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांची स्थिती अशीच आहे. तथापि भेंड्यांत ‘ण’ऐवजी ‘न’ आणि ‘ळ’ऐवजी ‘ल’ घेऊन खेळ पुढे नेतात. मराठी खेळाने अडचणीवर तोडगा काढला; जपानी खेळाने त्याच अडचणीतून पराभवाचा नियम निर्माण केला.

खरी कसोटी दीर्घ स्वराशी लागते. पुढील साखळी पाहावी. ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि’ (१९७७) हे ‘कि’ने संपते, त्यावर ‘किमि ओ नोसेते’ (१९८६), त्यातील ‘ते’वर ‘तेन्ताइ कान्सोकु’ (२००१), ‘कु’वर ‘कुरेनाइ’ (१९८९), आणि ‘इ’वर ‘इतोशि नो एरी’ (१९७९). येथे साखळीला दोन फाटे फुटतात. ‘एरी’मधील शेवटचा दीर्घत्वदर्शक दंड गाळला तर अन्त्य चिन्ह ‘रि’ उरते आणि ‘रिंगो नो उता’ हे १९४६ सालचे गीत घेता येते. दंडाची स्वतंत्र मात्रा मानली तर तिचा ध्वनी ‘इ’ होतो आणि ‘इत्सुमो नान्दो देमो’ (२००१) हे गीत योग्य ठरते. दोन्ही निवाडे प्रचारात आहेत. म्हणून कोणता पाळावयाचा हे खेळापूर्वीच ठरवून घ्यावे लागते.

याहून सूक्ष्म उदाहरण साकामोतो क्यू यांनी १९६१ साली गायिलेल्या ‘उए ओ मुइते अरुको’ या गीताचे आहे. १९६३ साली ‘सुकियाकि’ या नावाने हे गीत अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले होते. कानाला या शीर्षकाच्या शेवटी दीर्घ ‘ओ’ ऐकू येतो. पण काना लेखनात तेथे ‘अ-रु-को-उ’ अशी चिन्हे आहेत. कानाचा निर्णय ‘ओ’, लेखनाचा निर्णय ‘उ’. लेखन मानल्यास हे गीत ‘उ’ने सुरू होऊन ‘उ’नेच संपते. काताडा फुसा यांनी १९९० मध्ये शिरितोरिचा पुरावा मात्रेच्या सिद्धान्तासाठी मांडला होता. अशा पुराव्याचा उपयोग करताना वरील भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. साक्षर प्रौढाचे उत्तर त्याच्या कानाचे आहे की त्याच्या वाचनाचे, हे वेगळे केल्यावाचून त्या उत्तरावरून ध्वनिव्यवस्थेविषयी अनुमान काढणे धोक्याचे होय.

निवडीत डावपेचांनाही स्थान आहे. मूळच्या जपानी शब्दांच्या आरंभी प्राचीन काळी ‘र’ येत नसे. ‘र’ने सुरू होणारे शब्द मुख्यतः चिनी किंवा पाश्चात्त्य भाषांतून आले. उलट ‘रु’ने संपणारे शब्द विपुल आहेत. म्हणून प्रतिस्पर्ध्यापुढे वारंवार ‘रु’ ठेवणे ही प्रसिद्ध चाल आहे. सेन मासाओ यांचे ‘कितागुनि नो हारु’ (१९७७) हे गीत ती चाल आयतीच साधून देते. त्यावर तेराओ अकिरा यांचे ‘रुबी नो युबिवा’ (१९८१) हे उत्तर सांगता येते. मात्र ‘रुबी’ म्हणजे माणिक, हा उसना शब्द आहे. अशा रीतीने भाषेचा सहस्रवर्षांचा इतिहास एका संध्याकाळच्या खेळातील अडचण होऊन बसतो.

रोमन लिपीतील शीर्षके हा अलीकडचा पेच. सदर्न ऑल स्टार्स या गटाचे २००० सालचे ‘त्सुनामि’ रोमन अक्षरांत लिहिले जात असले तरी शब्द जपानी असल्याने प्रश्न उद्‌भवत नाही. इंग्रजी शब्दांचे शीर्षक असल्यास मात्र त्याचे काना वाचनच प्रमाण धरणे इष्ट. ‘दा’ऐवजी ‘ता’ घेता येईल काय, ही सवलतही आधीच ठरवावी. ‘रिन्दा रिन्दा’ (१९८७) या गीतानंतर तिची गरज भासते.

या सर्व बंधनांचा एक परिणाम विशेष लक्षणीय आहे. मुक्त निवडीत प्रत्येक जण आपल्या पिढीचे गीत निवडतो. साखळीत मात्र निवड अन्त्य मात्रेच्या हाती जाते, आणि १९७९ सालच्या गीताशेजारी युद्धोत्तर काळातील पहिल्या लोकप्रिय गीतांपैकी एक येऊन बसते. ते ज्याला गाता येते तो बहुधा बैठकीतील वडीलधारा असतो. खेळाचा नियम ध्वनीचा आहे. पण त्याच्यामुळे एरवी वेगळ्या राहणाऱ्या पिढ्यांचे गीतभांडार एकत्र येते.